लेकराच्या हातात काय उरते?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी आपल्या वर्धापनदिनाला बाहेरगावचे कोणी पाहुणे बोलतात आणि आपण ऐकतो. यंदा कार्यकारिणीने ठरविले की आपल्यातल्याच एकीने बोलावे. चिठ्ठ्या टाकल्या, आणि माझे नाव निघाले. मी सातवीपर्यंत शिकलेली, चूल आणि मूल सांभाळणारी बाई. मोठे शब्द मला येत नाहीत. घरात, शेजारात आणि शेताच्या बांधावर जे पाहिले, आणि आपल्या मंडळात येऊन जे ऐकले, तेवढेच सांगणार आहे. काही कमीजास्त झाले तर सांभाळून घ्यावे.

विषय निवडण्याची मोकळीक मला दिली होती. मी जो निवडला तो आनंदाच्या दिवशी बोलण्यासारखा नाही, असे एकदोघींनी सुचविलेही. पण भगिनींनो, आज इथे जमलेल्यांपैकी कितीतरी घरांत हा विषय रोज ताटावर बसतो. घरावर मोठा प्रसंग येतो, तेव्हा घरातल्या लहान मुलांचे काय होते, हा तो विषय.

घर मोडते ते मुलांना विचारून मोडत नाही. कुणाचा बाप जातो. कुणाची माय आजारात जाते. कुणाचे आईबाप वेगळे होतात. कुणाची जमीन विकली जाते आणि सारे घर पुण्या-सुरतेच्या वाटेला लागते. कुणाच्या घरात नवी आई येते, तर कुणाच्या आईचे दुसरे घर होते. या सगळ्यात मोठ्यांना निदान काही ठरविता तरी येते. वकील गाठता येतो, भावाकडे जाता येते, देवाला बोल लावता येतो. सहा-सात वर्षांच्या लेकराला यातले काय करता येते? सकाळी उठावे तो घर बदललेले असते. कालपर्यंत ज्या कोपऱ्यात तो निजत होता तिथे पाहुणे निजलेले असतात. आज मी एवढेच विचारणार आहे की अशा वेळी लेकराच्या हातात काय उरते, आणि आपण काय उरू देतो.

आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा. काळी जमीन आणि वरच्या पाण्याची शेती. एक पाऊस चुकला किंवा बोंडअळी आली की वर्षाचा हिशेब चुकतो. आपल्याच जिल्ह्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांच्या कुटुंबाचा १९ मार्च १९८६ रोजी शेवट झाला. त्या दिवसाच्या आठवणीत अलीकडे अनेक लोक दरवर्षी १९ मार्चला अन्नत्याग करतात. त्यानंतर किती घरांवर तो प्रसंग आला हे तुम्हां-आम्हांला आकड्यांशिवायही ठाऊक आहे. आपल्याला ती घरे आळीआळीने माहीत आहेत.

सरकारने काही केले नाही असे मी म्हणणार नाही. २००६ साली अशा घरांसाठी एक लाख रुपयांच्या मदतीचा नियम झाला. त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत, अशी त्याची विभागणी. त्याच वर्षी १ जुलैला पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात व्याजाचा विचार होता, ओलिताचा होता. परंतु घर 'पात्र' की 'अपात्र' हे ठरविताना कागद पाहिले जातात ते सातबाऱ्याचे, कर्जाचे आणि बँकेच्या तगाद्याचे. त्या साऱ्या कागदांत लेकरू कुठे येते? वारसांच्या यादीत, नाव आणि वय एवढेच. त्याला रात्री झोप लागते का, हे विचारायला कागदात जागा नसते. ती जागा शेजारणीच्या छपरीत असायला हवी. म्हणून हा विषय मी महिला मंडळापुढे मांडते आहे.

आता एक पाहिलेली गोष्ट सांगते. नाव-गाव सांगत नाही. दुसरीतला मुलगा. बाप गेला त्याला पंधरा दिवस झाले होते. शाळेत जाताना पोराच्या पायात चप्पल नाही म्हणून मी माझ्या मुलाची जुनी चप्पल दिली. त्याने हात मागे घेतला. मी दोनदा म्हटले तेव्हा तो म्हणाला, "नको काकू. म्या बाबाले बूट मागतले होते." पुढे काही बोलला नाही. मला क्षणभर उमजले नाही. मग ध्यानात आले. बाप गेला त्याच्या आदल्या आठवड्यात त्याने शाळेचे बूट मागितले होते, बापाने पैसे नाहीत म्हटले होते, आणि हे लेकरू पंधरा दिवस मनात धरून बसले होते की आपल्या बुटांपायी बाप गेला.

घरातल्या कुणालाच हे ठाऊक नव्हते. आईला नाही, आजीला नाही. सगळे म्हणत होते, "लहान आहे, त्याला काय समजते?" भगिनींनो, लहान मुलाला सगळे समजत नाही हे खरे. पण जे समजत नाही ते सोडून देणे त्याला येत नाही. मोठी माणसे कुजबुजतात, तो आला की गप्प होतात. मग उरलेली गोष्ट ते लेकरू आपल्या बुद्धीने पुरी करते. आणि लहान मुलाची बुद्धी बहुतेक वेळा स्वतःलाच दोष देते. मी भांडलो म्हणून माय माहेरी गेली. मी नापास झालो म्हणून बाबा दारू प्यायले. असे कितीतरी पोरांच्या मनात असते.

म्हणून माझे पहिले सांगणे हे की लेकराला खरे सांगा. सगळे एकदम सांगू नका, त्याच्या वयाला पेलेल तेवढे सांगा. पण जे सांगाल ते खोटे नसावे. "बाबा गावाला गेले", "देवाने बोलावून घेतले, येतील" असे म्हटले तर पोर रोज एसटीच्या वेळेला फाट्यावर जाऊन उभे राहते. मी अशी पोर पाहिली आहे. आणि खरे तर त्याला कळतेच. शाळेत कुणीतरी सांगते, आणि तेही वाईट शब्दांत सांगते. मग बाप गेल्याच्या दुःखावर आई खोटे बोलल्याचे दुःख येते.

ज्या घरात बापाने स्वतःच जीव दिला तिथे सांगणे फार अवघड. मागे आपल्या मंडळात आलेल्या डॉक्टरबाईंना मी हेच विचारले होते. त्यांनी सांगितलेले शब्द मी लिहून ठेवले आहेत. जवळ बसावे, पाठीवर हात ठेवावा आणि म्हणावे, "बाबांच्या मनाला फार मोठे आजारपण आले होते. त्यात त्यांना दुसरा मार्ग दिसला नाही. मार्ग होता, पण त्यांना दिसला नाही. यात तुझी काही चूक नाही. तू काही बोललास, काही मागितलेस, म्हणून हे झाले नाही." शेवटची दोन वाक्ये विसरू नयेत. ती एकदा सांगून भागत नाही. पोर पुन्हा विचारील, महिन्याने विचारील, पोळ्याला विचारील, आणि दर वेळी त्याच शांतपणे सांगावे. पोर काहीच विचारीत नसेल तर आपण होऊन सांगावे. त्या बुटांच्या पोराला त्याच्या आईने असेच सांगितले. त्या रात्री ते पहिल्यांदा रडले. आईला भीती वाटली की आपण उगाच सांगितले. पण दुसऱ्या दिवशी पोर चप्पल घालून शाळेत गेले.

दुसरी गोष्ट सांगताना मला थोडे घरचे बोलावे लागेल. मी सातवीत असताना, १९९३ साली, माझे वडील काविळीने गेले. मी थोरली, धाकटा भाऊ नऊ वर्षांचा. तेरवीच्या दिवशी त्याच्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर दुपट्टा टाकला, आणि आलेला प्रत्येक पाहुणा त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणू लागला, "रडू नको बापा, आता तूच घरचा कर्ता हायेस." लोक प्रेमाने म्हणत होते. त्यांत कुणाचे वाईट करण्याचा हेतू नव्हता. पण माझ्या भावाने ते खरे धरले. त्या दिवसापासून तो रडला नाही. गोट्या त्याने गल्लीतल्या पोरांना वाटून टाकल्या. जेवायला बसला की आईच्या ताटात भाकर आहे का ते आधी पाही. आज तो चाळिशीत आहे, कष्टाळू आहे, भला आहे. पण घरात लग्नकार्य असले, सगळे हसत-खेळत असले, तरी तो एका कोपऱ्यात बसून खर्चाचा हिशेब करीत असतो. हसायला त्याला कुणीतरी आठवण करून द्यावी लागते.

आणि माझे म्हणाल, तर मला कुणी 'कर्ता' म्हटले नाही. माझी शाळा नुसती बंद झाली. आई मजुरीला जाऊ लागली आणि चूल माझ्याकडे आली. आठवीत जायचे की नाही, असे मला कुणी विचारलेच नाही. आईवर माझा रोष नाही, तिच्यापुढे दुसरी वाट नव्हती. पण एवढे खरे, की विचारले असते, "तुला काय वाटते बाई?" असे एकदा तरी म्हटले असते, आणि मग नाही म्हटले असते, तर ते नाही मी वेगळ्या मनाने घेतले असते.

मुलांनी कामाला हात लावू नये असे मी म्हणत नाही. शेतकऱ्याच्या घरात पोरे पाणी भरतात, कापूस वेचायला जातात, वासराला कुटार टाकतात. कामाने पोर खचत नाही. उलट दुःखाच्या दिवसांत एखादे नेमाचे छोटे काम पोराला आधार देते. पण काम देणे वेगळे आणि घराची काळजी देणे वेगळे. "आज तू वासराला पाणी पाज" हे काम झाले. "आता आम्हाला तुझाच आधार" ही काळजी झाली. ती नऊ वर्षांच्या खांद्याला पेलत नाही, आणि पेलत नाही हे ते पोर कुणाला सांगतही नाही. तेव्हा यापुढे तेरवीला गेलात तर पोराला कर्ता म्हणू नका. म्हणायचेच असेल तर असे म्हणा, "तू लहान आहेस, रडू आले तर रड. मोठे आम्ही आहोत."

थोरल्या मुलीच्या बाबतीत तर आणखी एक संकट असते. बाप गेला की नातेवाईक म्हणतात, "हिचे उरकून टाका, तेवढेच एक ओझे कमी." पोरगी चौदा-पंधरा वर्षांची असते. बाप गेल्याचे दुःख निवले नाही तो तिच्यावर दुसरे घर येते. अठरा वर्षांआधी मुलीचे लग्न करणे २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे आपण सगळ्यांना ठणकावून सांगावे. आणि सांगूनही कुणी ऐकत नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा फोन आहे. त्यावर पैसे न लागता बोलता येते.

तिसरी गोष्ट भावंडांच्या वाटणीची. घर खचले की दिवस संपायच्या आत पोरांची वाटणी होते. थोरला मामाकडे, मधली मावशीकडे, धाकटे आईजवळ. मदत करणारे नातेवाईक चांगल्याच मनाने पुढे येतात. आपल्याकडे म्हणही आहे, माय मरो पण मावशी उरो. लेकराला दुसरी मांडी लागते हे आपल्या जुन्या बायांना पक्के ठाऊक होते. पण पोराच्या बाजूने पाहा. बाप गेला, आणि त्याच आठवड्यात भाऊ गेला, बहीण गेली, शाळा गेली, मित्र गेले, कुत्रेही गेले. एका मरणाने त्याचे किती जण नेले!

याच डॉक्टरबाईंनी आम्हाला विलायतेची एक हकीकत सांगितली होती. दुसरे महायुद्ध सुरू होताना, सप्टेंबर १९३९ मध्ये, बॉम्बच्या भीतीने लंडनसारख्या शहरांतून लाखो मुलांना आईबापांपासून दूर खेड्यांत पाठविले. जीव वाचावा म्हणून पाठविले, त्यात चूक काढता येत नाही. त्या काळात अ‍ॅना फ्रॉइड नावाच्या बाईंनी लंडनमध्ये लहान मुलांसाठी पाळणाघरे चालविली आणि मुलांचे वागणे रोज टिपून ठेवले. त्यांना असे दिसले, की बॉम्ब पडत असतानाही जी मुले आईजवळ किंवा ओळखीच्या माणसाजवळ होती, ती पुष्कळशी धीराने राहिली. पण ज्यांची आईशी एकाएकी ताटातूट झाली, ती सुरक्षित जागी असूनही खचली. ही गोष्ट ऐकून मला वाटले, लंडनचे पोर काय आणि दारव्हा-घाटंजीचे पोर काय, मन सारखेच.

म्हणून होता होईल तो भावंडे एकत्र ठेवावीत. नाइलाजाने वेगळी करावी लागली तर आधी सांगावे, कुठे जायचे, कुणाकडे, किती दिवस. पुन्हा भेट केव्हा होईल तो दिवस सांगावा आणि तो पाळावा. निघताना त्याच्या पिशवीत त्याचे स्वतःचे काही जाऊ द्यावे, निजायची गोधडी, खेळण्यातली गाडी, काय असेल ते. आपल्याकडे तेरवीला गेलेल्या माणसाचे कपडे वाटून टाकतात. वाटा, पण त्याआधी पोरांना म्हणा, यातले तुला काय ठेवायचे ते घे. एका पोरीने बापाचा घामट टॉवेल घेतला होता. घरच्यांनी नाके मुरडली. ती तो उशाला घेऊन निजत असे. वर्षभराने तिने आपण होऊन तो धुऊन पेटीत ठेवला. त्या वर्षभरात तिचे म्हणून तेवढेच काय ते तिच्या हातात होते.

शाळा बदलावी लागली तर काय करावे, हेही बायांना ठाऊक असावे. नवरा गेल्यावर किंवा भांडण होऊन माहेरी आलेली बाई मुलाचे वर्ष वाया घालवते, कारण जुन्या गावच्या शाळेचा दाखला हाती नसतो आणि तिथे जायला तिला संकोच वाटतो. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यात स्पष्ट लिहिले आहे की मागितल्यावर दाखला ताबडतोब दिला पाहिजे, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या सरकारी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. माझ्या माहितीतल्या एका बाईला एका शाळेतून तीनदा परत पाठविले होते. चौथ्या वेळी आपल्या दोन सभासद तिच्याबरोबर गेल्या आणि कायद्याचे नाव घेतले. त्याच दिवशी पोर वर्गात बसले. शाळा म्हणजे नुसता अभ्यास नव्हे. घरात सगळे उलटेपालटे झाले तरी तिथे साडेदहाला घंटा होते, पाढे तेच असतात, बाईही त्याच असतात. बिथरलेल्या पोराला अशी न बदलणारी एक जागा फार मोलाची असते.

आता जरा आपल्याच चालीरीतींकडे पाहू. नवरा गेला की बाईचे कुंकू पुसतात, बांगड्या फोडतात, मंगळसूत्र तोडतात. त्या वेळी तिची पोरे कुठे असतात? तिथेच दाराआड उभी असतात. बाप गेला हे अजून पुरते उमजलेले नसते, आणि चार बाया मिळून आपल्या मायचे हात धरून बांगड्या फोडीत आहेत, हे पोर पाहते. बापाचा चेहरा गेला आणि मायचाही ओळखीचा चेहरा त्याच दिवशी गेला. पोराला धीर हवा असतो तो आईच्या तोंडाकडे पाहून. ते तोंडच आपण पुसून टाकतो.

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की आपल्या गावात यापुढे या प्रथा बंद. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसे करण्यास सांगितले. ठराव ग्रामपंचायतीने करावयाचा असला तरी बांगडी फोडणारे हात आपले बायांचेच असतात. ते थांबविणे आपल्या हाती आहे, त्याला परिपत्रक लागत नाही. आपल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही या भगिनींना सन्मानाने बोलवावे, अशी माझी मंडळाला विनंती आहे. त्यांच्याबरोबर त्यांची पोरेही येतील आणि चार बायांत आपली माय मानाने बसलेली पाहतील.

मायला मान मिळाला की लेकरांची मान वर होते, याचे एक उदाहरण आपल्याच जिल्ह्याचे आहे. ११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षा होत्या डॉ. अरुणा ढेरे. उद्घाटन केले ते कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे यांनी. त्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम करीत, आणि त्यांच्या शेतकरी पतीने जीवन संपविले होते. एवढ्या थोर साहित्यिकांपुढे आपल्या जिल्ह्याची एक बाई ताठ उभी राहून बोलली. त्यांनाही दोन मुले आहेत. आई अशी उभी राहिलेली पाहून कोणत्या लेकराला बळ येणार नाही?

दुसरेपणाच्या लग्नाविषयीही दोन शब्द बोलते. तरुण वयात घर मोडलेल्या बाईने किंवा पुरुषाने पुन्हा संसार मांडला तर त्याला नाव ठेवू नये. पण पोराला ते लग्नाच्या दिवशी कळू नये. आधी सांगावे, नव्या माणसाची ओळख होऊ द्यावी. "आजपासून हेच तुझे बाबा" असे फर्मान काढू नये. त्याला काका म्हणावेसे वाटले तर काका म्हणू द्यावे. मरून गेलेल्या किंवा सोडून गेलेल्या आईबापाचे नाव घरात घ्यायला बंदी नसावी, आणि त्यांची निंदा तर पोरासमोर कधीच करू नये. पोर अर्धे त्या माणसाचे असते. निंदा ऐकून त्याला वाटते, आपणही अर्धे वाईटच.

अशा पोरांच्या वागण्यात फरक पडतो, तो ओळखावा. शहाणे पोर अंथरूण ओले करू लागते. शाळेच्या वेळेला पोट दुखते. कुणी भांडखोर होते, कुणी अगदी मुके होते. त्याला मार देऊ नये, अंगारे-धुपारेही करू नयेत. थोडे दिवस जवळ घ्यावे, झोपायची व जेवायची वेळ एक ठेवावी. महिना-दोन महिन्यांत फरक पडला नाही, किंवा पोर मरणाच्या गोष्टी करू लागले, तर वेळ न घालविता डॉक्टरांना दाखवावे. १४४१६ हा मनाच्या आजारांसाठी सरकारचा फोन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, रात्री-अपरात्रीही लागतो. तो आईसाठीही आहे. आईच्या मनाला जपले तर लेकराला जपल्यासारखेच आहे.

आता मंडळाने काय करावे? मायेच्या शब्दांनी वह्या-पुस्तके येत नाहीत. एक पालक गमावलेल्या, आईबाप वेगळे झालेल्या किंवा आजारामुळे ज्यांना घरी सांभाळता येत नाही अशा मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव तिला दिले आहे. पूर्वी तिच्यात मुलामागे महिन्याला ४२५ रुपये मिळत, मग १,१०० झाले, आणि २०२३ पासून २,२५० रुपये. मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत, आणि आश्रमात न पाठविता घरीच ठेवून. भावंडांची वाटणी टाळायला याहून चांगली मदत कोणती? अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जातो आणि मंजुरी बालकल्याण समिती देते. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा दाखला, आधार, फोटो असे कागद लागतात. पण दुःखात बुडालेली बाई यवतमाळला जाऊन एवढे कागद कसे जमविणार? तेव्हा माझी सूचना अशी, की आपल्यातल्या तीन-चार शिकलेल्या सुनांनी हे काम अंगावर घ्यावे. अर्ज भरून द्यावा, झेरॉक्सचा आणि एसटीचा खर्च मंडळाच्या शिलकीतून व्हावा.

दुसरी सूचना बिनखर्चाची आहे. ज्या घरावर प्रसंग आला त्या घराच्या मुलांसाठी शेजारच्या एका सभासदेने वर्षभर नेम धरावा. पहिल्या तेरा दिवसांत सगळेच धावून येतात, डबे येतात, पाहुणे येतात. चौदाव्या दिवसापासून घर रिकामे होते. आपला नेम त्या चौदाव्या दिवशी सुरू व्हावा. संध्याकाळी पोरांना हाक मारावी, चून-भाकर असेल ती वाढावी, पाढे म्हणून घ्यावेत. त्यांच्या घरी काय चालले आहे याची उलटतपासणी मात्र करू नये. पोर बोलले तर ऐकावे, नाही बोलले तर शेजारी बसून शेंगा सोलाव्यात.

भगिनींनो, पाऊस आपल्या हाती नाही. कापसाचा भाव आपल्या हाती नाही. कुणाच्या कपाळी काय लिहिले ते तर नाहीच नाही. आपल्या हाती नाही, तर त्या लेकराच्या हाती कुठून असणार? पण खरे काय ते जाणण्याचा हक्क, रडण्याची मोकळीक, भावंडांची सोबत, शाळेचे दप्तर आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर, एवढे तरी त्याच्या हातात उरू देणे आपल्या हाती आहे. याहून अधिक काही मला सांगता येणार नाही.

बालसंगोपनाचे अर्ज भरण्यास ज्या भगिनी तयार असतील त्यांनी आज फराळ झाल्यावर चिटणीसबाईंकडे आपली नावे द्यावीत. माझे नाव मी पहिल्या ओळीत लिहून ठेवले आहे. माझे अक्षर फार चांगले नाही, पण अर्ज वाचता येईल एवढे आहे.